विमान पळवायचं, तेही आठवड्याभरात

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची बरीच पत्रं एकाच भागाभोवती फिरत आहेत. 'द ए-टीम' या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या पर्वातला 'द बीस्ट फ्रॉम द बेली ऑफ अ बोइंग' हा भाग मे १९८३ मध्ये एनबीसी वाहिनीवर दाखवला गेला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोइंग ७४७ चं अपहरण होतं आणि हॅनिबलची माजी सैनिकांची टोळी विमानात घुसते. झटापटीत टोळीचाच वैमानिक मर्डॉक याच्या डोळ्यांजवळ गोळी सुटून त्याला दिसेनासं होतं. मग विमान उडवता न येणाऱ्या हॅनिबलला ते धूड खाली उतरवावं लागतं. त्या काळी एक तासाची मालिका म्हणजे जाहिराती वगळून साधारण पाऊण तासाचा मजकूर, आणि चित्रीकरणाला सात-आठ दिवस. असल्या भागातल्या बहुतेक करामती लेखकाच्या डोक्यातून कमी आणि या वेळापत्रकातून जास्त निघतात. खालची उत्तरं वाचताना ते ध्यानात असू द्यावं.

सातारा : भंगारात निघालेलं खरं विमान मिळतं म्हणे. मग सेट बांधायचा खटाटोप कशाला?

मिळतं, आणि आणतातही, पण कापून. अडचण रुंदीची आहे. अमेरिकी नियमानुसार वीस किंवा त्याहून जास्त आसनांच्या विमानात मधली वाट जमिनीपासून २५ इंच उंचीपर्यंत १५ इंच आणि त्याच्या वर २० इंच रुंद असली की पुरते. एवढ्या वाटेत कॅमेरामन, त्याच्या बगलेत फोकस सांभाळणारा, मागे माइकचा बांबू धरलेला माणूस आणि समोर पिस्तूल घेतलेला नट, हे सगळे मावायचे कसे? छतही डोक्याला लागायच्या बेताचं, त्यामुळे दिवे लपवायला जागा नाही. उन्हात उभ्या, इंजिन बंद असलेल्या विमानात वातानुकूलनही बाहेरून लावावं लागतं, आणि त्याची घरघर आवाजात येते म्हणून प्रत्येक शॉटला बंद करावं लागतं.

म्हणून भंगारातून आणतात ते आसनं, खिडक्यांचे पॅनेल, सामानाचे कप्पे आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्यातल्या ट्रॉल्या. सांगाडा लाकडी किंवा लोखंडी चौकटीचा, आणि त्याची प्रत्येक भिंत सुटी. तीन-चार खिडक्यांचा तुकडा क्लॅम्प काढून बाजूला सरकवायचा, कॅमेरा 'विमानाच्या बाहेर' उभा करायचा, शॉट झाला की तुकडा परत लावायचा. छताचंही तसंच.

खऱ्या आसनांचा एक मोठा फायदा असतो. त्यांचे पाय जमिनीतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या रुळांत अडकतात आणि त्या रुळांना दर इंचाला खाच असते. खऱ्या विमानात दोन रांगांत ३१-३२ इंच अंतर असलं, तरी सेटवर कॅमेऱ्यापुढची रांग चार-पाच इंच पुढे सरकवली की समोरून पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. बाजूने शॉट घेतला की मात्र गुडघ्यांपुढची ऐसपैस जागा चुगली करते.

७४७ च्या एका रांगेत ३-४-३ अशी दहा आसनं. बारा रांगा बांधल्या तर १२० माणसं झाली, आणि रोजची १२० ज्युनिअर आर्टिस्ट कुठल्याही निर्मात्याला परवडत नाहीत. मग पन्नासेक माणसं आणतात आणि कॅमेरा फिरेल तशी ती उठवून बसवतात. इथेच कंटिन्युइटीवाल्यांची परीक्षा असते. अपहरणाच्या कथेत प्रवाशांच्या जागा बदलतात, कुणाचा कोट जातो, कुणाच्या कपाळाला पट्टी येते. आसनांचा नकाशा काढून प्रत्येक प्रसंगानंतर फोटो घेतला नाही, तर हिरव्या स्वेटरची बाई एकाच संवादात दोन रांगांत दिसते.

आणखी दोन गोष्टी हमखास बिघडतात. प्लायवूडची जमीन पावलागणिक ढोलासारखी वाजते. गालिच्याखाली जाड रबर घातलं नाही तर पावलांचे आवाज नंतर वेगळे भरावे लागतात. आणि सुट्या भिंती दहा वेळा काढघाल केल्यावर फटी पडतात. त्या फटींतून दिव्याची तिरीप आत आली, की तीस हजार फुटांवरच्या विमानाला भोक पडल्यासारखं दिसतं.

कोल्हापूर : अशा भागांत खिडक्यांचे पडदे नेहमी खाली का ओढलेले असतात?

कारण बाहेर आकाश नसतं, स्टुडिओची भिंत असते. पण हा बहाणा खोटा नाही. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या आयसी ८१४ च्या खऱ्या अपहरणातही प्रवाशांना खिडक्या बंद ठेवायला लावल्या होत्या. आपण कुठे उतरलो आहोत हे आतल्यांना कळू नये आणि बाहेरच्यांना आत दिसू नये, हा हेतू. कथेची गरज आणि खर्चाची गरज इतकी जुळून येते, म्हणून पटकथालेखक अपहरणकर्त्याच्या तोंडी पहिला हुकूम बहुधा तोच घालतात.

पडदे उघडे ठेवायचेच असतील तर जुनी पद्धत अशी: खिडक्यांपासून काही फुटांवर पांढरं पातळ कापड ताणायचं आणि त्यामागून जोरदार प्रकाश टाकायचा. विमान वळतंय हे दाखवायला एक दिवा लांब दांड्यावर बसवून खिडक्यांच्या ओळीसमोर हळूहळू वर-खाली करायचा. तोच दिवा पुढून मागे आणि परत पुढून मागे नेला, तर विमानाऐवजी रात्रीची लोकल वाटते. हल्ली बाहेर एलईडीची भिंत उभी करून खरे ढग दाखवतात.

गंमत म्हणजे वळताना सगळे प्रवासी एका बाजूला झुकतात ते साफ नाटक. नीट घेतलेल्या वळणात वजन थेट आसनाच्या दिशेनेच जाणवतं, ग्लासातलं पाणीसुद्धा तिरकं होत नाही. पण नट झुकले नाहीत तर प्रेक्षकाला वळण पटत नाही. म्हणून सहायक दिग्दर्शक 'डावीकडे!' ओरडतो आणि पन्नास माणसं डावीकडे कलतात. कुणीतरी एक कायम उजवीकडे कलतो.

पुणे : चेहऱ्याजवळ गोळी सुटली तर खरंच दिसेनासं होतं का? आणि बंदुकीत गोळीच नसेल तर चित्रीकरणात धोका कसला?

पहिल्याचं उत्तर आधी. नुसत्या झळाळीने आलेला अंधार काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत ओसरतो. पण नळीतून ज्वाळेबरोबर तापलेला वायू आणि अर्धवट जळलेल्या दारूचे कणही बाहेर येतात. ते बुबुळावर बसले तर वरचा पापुद्रा खरवडला जातो, पाणी वाहतं, डोळे उघडता येत नाहीत. वरवरची जखम असेल तर एक ते तीन दिवसांत भरून येते. थोडक्यात, मर्डॉकचं तात्पुरतं आंधळेपण पटण्याजोगं आहे.

दुसऱ्याचं उत्तर गंभीर आहे. सेटवरच्या 'ब्लँक'मध्ये शिशाची गोळी नसते, दारू मात्र असते, आणि ती जागेवर राहावी म्हणून पुढे कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा बोळा असतो. ऑक्टोबर १९८४ मध्ये, म्हणजे हा भाग दाखवल्यावर दीडच वर्षाने, 'कव्हर अप' या मालिकेचा नट जॉन-एरिक हेक्सम याने दोन शॉट्सच्या मधल्या रिकाम्या वेळात ब्लँक भरलेलं .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर चेष्टेने कानशिलाला लावून चाप ओढला. बोळ्याच्या आणि वायूच्या धक्क्याने कवटीचा तुकडा मेंदूत घुसला. काही दिवसांत तो गेला. वय २६.

त्यामुळे नळीच्या सरळ रेषेत कुणी उभं राहायचं नाही, असा दंडक असतो. नट एकमेकांवर रोखल्यासारखे दिसतात, पण नळी प्रत्यक्षात खांद्याच्या पलीकडे असते आणि कॅमेरा बाजूला सरकवून ती फसवणूक झाकतात. समोर माणूस असेल तर साधारण २० फुटांचं अंतर. कॅमेऱ्यापुढे पारदर्शक ढाल. विमानाच्या सेटवर नेमकं हेच जमत नाही, कारण सरळ रेषेत मोकळी जागा म्हणजे मधली वाट, आणि तिच्या दोन्ही अंगांना माणसं बसलेली. म्हणून दारूचा भार पूर्णऐवजी अर्धा किंवा पाव घेतात आणि कानात बोळे सगळ्यांना, मागच्या रांगेतल्या ज्युनिअर आर्टिस्टलासुद्धा. बंद नळकांड्यात आवाज विरत नाही, परत येतो. पाव भाराची एक खोड आहे: वायूचा जोर कमी पडला की आपोआप भरणारं पिस्तूल अडकतं. म्हणून जवळच्या दृश्यांना रिव्हॉल्व्हर देतात. त्याला वायूच्या जोराची गरजच नसते. २०२१ मध्ये 'रस्ट' चित्रपटाच्या सेटवर छायाचित्रणकार हलिना हचिन्स यांचा मृत्यू झाल्यापासून बऱ्याच निर्मात्यांनी ब्लँक बंदच केले. खेळण्यातलं पिस्तूल वापरतात, ज्वाळा नंतर संगणकावर चिकटवतात.

नागपूर : विमानात गोळी झाडली की भोक पडून माणसं बाहेर खेचली जातात, हे कितपत खरं?

गोळीच्या भोकाने? नाही. हिशेब करून बघा. ९ मिलिमीटरच्या गोळीचं भोक सुमारे ०.६४ चौरस सेंटिमीटर. आतबाहेरच्या दाबातला फरक कितीही असला तरी त्यातून हवा ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने निसटू शकत नाही, म्हणजे सेकंदाला साधारण दहा-बारा लिटर. ७४७ च्या तीन वातानुकूलन यंत्रांमधून आत येणारी हवा याच्या शेकडो पट असते आणि ती मागच्या बाजूच्या झडपांमधून सतत बाहेर सोडली जाते. भोक पडलं तर झडप किंचित मिटते. शिट्टी ऐकू येईल, एवढंच. 'मिथबस्टर्स' या प्रयोग करून पाहणाऱ्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमाने भंगारातल्या विमानात दाब भरून गोळी झाडून पाहिली होती, तेव्हाही हेच दिसलं.

अख्खी खिडकी फुटली तर गोष्ट वेगळी. २५ गुणिले ३५ सेंटिमीटरच्या खिडकीवर उंचीवरच्या दाबफरकाने जवळपास ५०० किलोचा जोर असतो. २०१८ मध्ये साउथवेस्ट या अमेरिकी कंपनीच्या १३८० क्रमांकाच्या विमानाचं इंजिन फुटून तुकडा खिडकीवर आदळला, आणि पट्टा बांधलेली प्रवासी अर्धी बाहेर ओढली गेली. पण तो झोत काही सेकंदांचा असतो. मालिकेत खलनायक मिनिटभर आसनाला लोंबकळत संवाद म्हणतो, ते सोडून द्या.

सेटवर भोकं कशी पाडतात? पॅनेलला आधीच भोक पाडून मागे हरभऱ्याएवढी स्फोटक पुडी वायरने जोडतात, वरून पुट्टी आणि रंग. एका पॅनेलला एकच टेक. दुसरा हवा असेल तर दुसरं पॅनेल तयार पाहिजे. धातूवर ठिणग्या उडवायच्या तर हवेच्या बंदुकीतून ठिणगी देणाऱ्या गोळ्या मारतात. 'द ए-टीम'मध्ये या ठिणग्यांचा पाऊस असायचा आणि मरत जवळजवळ कुणीच नसे, कारण संध्याकाळच्या वेळेत घरातली पोरंसोरं पाहणार हे वाहिनीला ठाऊक होतं.

ठाणे : विमान कधीच न उडवलेला माणूस दुसऱ्याच्या सूचनांवर ७४७ उतरवू शकेल का?

शहाणा माणूस हाताने उतरवायला जाणारच नाही. आधी ऑटोपायलट चालू आहे ना ते पाहील, आणि स्वयंचलित उतरण्याची सोय विमानात आणि धावपट्टीवर दोन्हीकडे असेल तर तीच वापरेल. पण बटणं दाबणारा नायक कुणाला हवाय?

हातानेच उतरवायचं म्हटलं तर कामं अशी. धावपट्टीच्या बऱ्याच आधी वेग उतरवत फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, टप्प्याटप्प्याने बाहेर काढायचे. वेग जास्त असताना काढले तर ते मोडतात. मग चाकं: ७४७ ला ती १८ आहेत, आणि पाचही पायांचे दिवे हिरवे झालेले पाहायचे. शेवटचा उतार तीन अंशांचा, वेग १४० ते १५० नॉट्स (ताशी साधारण २६० ते २८० किलोमीटर), मिनिटाला ७०० ते ८०० फूट खाली. आंधळ्या मर्डॉकने हॅनिबलला सतत विचारायला हवेत ते तीनच आकडे: वेग, उंची, खाली येण्याचा दर. दिसत नसलं तरी अनुभवी वैमानिकाला इंजिनांच्या आवाजावरून आणि पाठीला जाणवणाऱ्या हालचालीवरून बरंच कळतं. भागातली ही कल्पना मुळात चांगली आहे.

खरा सापळा शेवटच्या ३० फुटांत. ७४७ चं कॉकपिट वरच्या मजल्यावर, आणि मुख्य चाकं वैमानिकाच्या खूप मागे. नाक किंचित वर धरून चाकं टेकतात तेव्हा वैमानिकाचे डोळे जमिनीपासून जवळपास ११ मीटरवर असतात, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून अंदाज घेतल्यासारखं. नवखा माणूस 'अजून वर आहोत' समजून नाक वर ओढत नाही आणि विमान आपटतं. किंवा घाबरून लवकर ओढतो, वेग संपतो आणि विमान वरून पडतं. त्यासाठी जमिनीपासूनची उंची फुटांत सांगणारा रेडिओ अल्टिमीटर असतो. 'तीस' म्हटलं की नाक दोन-तीन अंश वर, इंजिनांचे दांडे मागे, आणि मग हात स्थिर. टेकल्यावर पंखावरचे अडसर उभे करायचे, इंजिनांचा उलटा झोत, ब्रेक. 'मिथबस्टर्स'ने २००७ मध्ये नासाच्या सिम्युलेटरवर हा प्रयोग केला. सूचनांशिवाय कार्यक्रमाच्या दोन्ही सूत्रधारांचं विमान कोसळलं, मनोऱ्यातून सांगितल्यावर दोघांनीही उतरवलं.

तिसरा माणूस विसरू नका. १९८३ च्या ७४७ मध्ये कॅप्टन आणि सहवैमानिकाच्या मागे फ्लाइट इंजिनिअर बसे. इंधन, वीज, दाब यांची पाटी त्याच्यासमोर. पटकथालेखकाला तीन माणसं नकोशी वाटतात, कारण तिघांनाही बेशुद्ध करावं लागतं.

रत्नागिरी : भागाच्या नावात विमानाचं 'पोट' आहे. सामानाच्या कप्प्यातून प्रवाशांच्या केबिनमध्ये चढता येतं का?

७४७ मध्ये पुढच्या चाकाच्या मागे पोटाला एक झडप असते. तिच्यातून विद्युत उपकरणांच्या कोठडीत जाता येतं, आणि त्या कोठडीतून वर, पहिल्या वर्गाच्या जमिनीत गालिच्याखाली दुसरी झडप उघडते. वाट आहे, पण ती तंत्रज्ञांसाठी. सामानाच्या कप्प्यात लपलेल्याला आधी तिथवर पोहोचावं लागेल, आणि कप्पा भरलेला असेल तर आतली कंटेनर १६३ सेंटिमीटर उंच, जोडीने उभी केलेली आणि दोन्ही भिंतींना भिडलेली. सरपटायलासुद्धा फट नाही. सेटवर तो कप्पा ऐसपैस असतो, कारण मारामारीला हात फिरवायला जागा लागते.

उलट बाजूची वाट मात्र खऱ्या इतिहासात वापरली गेली आहे. मुंबईहून निघालेलं पॅन अ‍ॅमचं ७३ क्रमांकाचं ७४७ विमान ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत पळवलं गेलं. नीरजा भनोत यांच्या इशाऱ्यामुळे सावध झालेले तिघे वैमानिक कॉकपिटच्या छतातल्या झडपेतून, आपोआप उलगडणाऱ्या दोराच्या साहाय्याने खाली उतरले, आणि विमान जमिनीवरच अडकलं.

अकोला : बी. ए. ला दर वेळी एका सुईत झोपवतात. असं औषध असतं?

विमानाला भिणारा टोळीतला बी. ए. आणि त्याला दुधातून, सुईतून किंवा लाकडी फळीने झोपवणारे मित्र हा मालिकेचा ठरलेला विनोद. स्नायूत टोचलेलं केटामीनसुद्धा चालायला तीन ते पाच मिनिटं घेतं, तोंडावाटे दिलेलं औषध तर अर्धा-पाऊण तास. बेशुद्ध माणसाला आसनात ताठ बसवणं त्याहून धोक्याचं: मान पुढे पडली की श्वासनलिका दाबली जाते. एका कुशीवर निजवायला हवं, आणि जवळ कुणीतरी श्वास मोजत बसायला हवं.

बेळगाव : बाहेरून दिसणारं विमान मध्येच बदललेलं ओळखायचं कसं?

उड्डाणाची दृश्यं बहुधा आधीच चित्रित केलेल्या साठ्यातून घेतलेली असतात, म्हणून हे होतं. इंजिनं मोजा: ७४७ ला पंखांखाली चार, ७२७ ला शेपटाशी तीन. मग ७४७ च्या वरच्या मजल्याचं कुबड पाहा, मुख्य मजल्यावरचे दरवाजे पाहा (७४७ ला प्रत्येक बाजूला पाच). शेपटावरची अक्षरं उलटी दिसली तर समजा, विमानाची दिशा जुळवायला फिल्म पालथी छापली आहे. खोट्या कंपनीची नावं तर लागतातच, कारण आपलं बोधचिन्ह अपहरणाशी जोडलेलं कुठल्याच विमान कंपनीला नको असतं. 'ओशनिक एअरलाइन्स' हे बनावट नाव त्यामुळेच वेगवेगळ्या निर्मात्यांच्या कितीतरी कथांत उडत राहिलं.

डोंबिवली : आज तसाच भाग लिहायचा तर काय बदलावं लागेल?

दार. १९८३ मध्ये कॉकपिटचं दार खांद्याच्या धक्क्याने उघडे. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेने एप्रिल २००३ पर्यंत सगळ्या प्रवासी विमानांना गोळीला दाद न देणारी दारं बसवायला लावली. बाहेरून आकडे दाबून विनंती करता येते, पण आतला वैमानिक ती एका खटक्याने नाकारू शकतो. त्यामुळे आता मारामारीने दार उघडत नाही, आतल्या माणसाला उघडायला भाग पाडावं लागतं. २०२३ च्या 'हायजॅक' मालिकेत दाराबाहेर धोक्यात असलेल्या व्यक्तीशी कॅप्टनचं खासगी नातं होतं, ते याचसाठी.

आणि लिहिताना एक चूक टाळा. ट्रान्सपाँडर म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र, आणि त्यावरचा अपहरणाचा संकेत ७५०० आहे; ७६०० रेडिओ बंद पडल्याचा, ७७०० इतर आणीबाणीचा. तो संकेत वैमानिक मोठ्याने बोलून दाखवत नाही. गुपचूप चार आकडे फिरवतो, आणि नियंत्रक 'तुम्ही ७५०० लावलंय ना?' एवढंच विचारतो. उत्तर 'हो' आलं किंवा आलंच नाही, तरी तो पुढे एकही प्रश्न विचारत नाही.